आठवीतल्या मुलाला एडीएचडी निघालंय. गोळ्या, अभ्यास आणि शाळा याबद्दल विचारायचंय

चैत्राली_कोथरूड
नमस्कार मंडळी, मुलगा १३ वर्षांचा आहे, आठवीत. गेल्या महिन्यात एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं किंवा स्वतःला आवरणं अवघड जातं त्या त्रासाचं, निदान झालं. उड्या मारणारा, एका जागी न बसणारा प्रकार नाही, लक्ष न टिकण्याचा आहे असं डॉक्टर म्हणाले. पाचवीपर्यंत "हुशार आहे पण लक्ष नाही" या शेऱ्यावर निभावलं, सातवीपासून मात्र सगळंच सुटत चाललंय. गणित चटकन समजतं पण पेपरात उतरवतानाच ३८ चे ८३ होतात, अर्धं गणित सोडून पुढच्याला हात घालतो, गृहपाठ पूर्ण करतो आणि वही टेबलावरच राहते. रोज रात्री नऊ वाजता आमच्याकडे रडारड. परवा म्हणाला, आई मी मुद्दाम नाही करत गं. तेव्हापासून मला झोप नाही.
डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुचवलंय. सासूबाई म्हणतात पोराला डोक्याच्या गोळ्या नकोत, नवरा म्हणतो मीपण असाच होतो, झालंच ना माझं नीट. गोळ्यांचा अनुभव कुणाला आहे का, अभ्यास कसा घ्यायचा, आणि शाळेत सांगायचं की नाही? प्लीज सविस्तर सांगा.

मुक्ता_सिंहगडरोड
चैत्राली, माझा लेक आता बारावीत आहे, त्यालाही हाच प्रकार. अभ्यासाचं सांगते. या मुलांना काय करायचं ते माहीत असतं गं, ते ऐनवेळी आठवत नाही, म्हणून आठवण डोक्यात ठेवायची नाही, जिथे काम होतं तिथे ठेवायची. आमच्याकडे दप्तर रात्रीच भरून चपलांच्या स्टँडशेजारी ठेवतो आणि दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर, त्यानेच मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद आहे: वही, डबा, आयकार्ड, सायकलची किल्ली. दार उघडताना तो दिसतोच. आधी तो कागद फ्रीजवर होता, काही उपयोग झाला नाही कारण निघताना फ्रीजकडे कोण बघतं.
स्वयंपाकघरातून "अरे अभ्यासाला बस" असं ओरडून सांगितलेलं पोचतच नाही. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, एकच गोष्ट सांगायची. "धडा संपव" नाही, "पहिली चार गणितं कर आणि मला दाखव". ती झाली की उठू दे, पाणी पिऊ दे, गॅलरीत एक चक्कर मारू दे, मग पुढची चार. टेबलावर काट्यांचं घड्याळ ठेव, फोनचा टायमर लावला तर फोनच हातात राहतो. आणि मी समोर लसूण सोलत नाहीतर भाजी निवडत बसायचे, शिकवायला नाही, नुसतं कुणीतरी शेजारी असलं की त्याचं काम पुढे सरकायचं. कौतुकही तिथल्या तिथे कर, महिनाअखेरच्या बक्षिसाचा त्यांना उपयोग नसतो. आणि हो, रात्री नऊची वेळच बदल, तोपर्यंत डोकं थकलेलं असतं. संध्याकाळी खेळून आल्यावर लगेच बसव. आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांत पहाटे पर्वती चढून यायचा, त्या दिवशी फरक दिसायचाच.

समुपदेशक_पुणे
मी मुलांसोबत काम करतो, पण औषध लिहून देत नाही, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. मिथाइलफेनिडेट सहा वर्षांपुढच्या मुलांना देतात आणि त्याचा वापर कित्येक दशकांचा आहे. साधी गोळी अर्ध्या ते एक तासात लागू पडते, साधारण चारेक तास टिकते, जास्त वेळ टिकणाऱ्याही असतात. भूक कमी होणं आणि झोप लांबणं हे नेहमीचे त्रास, म्हणून नाश्ता गोळीच्या आधी पोटभर द्या आणि संध्याकाळी उशिरा गोळी नको. वजन, उंची, बीपी डॉक्टर अधूनमधून बघतात. घरात कुणाला हृदयाचा आजार असेल तर तो आधीच सांगा. दुसरं औषध आहे अ‍ॅटोमॉक्सेटिन, त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, लोक दुसऱ्याच आठवड्यात "काही होत नाही" म्हणून बंद करतात, तसं करू नका. सासूबाईंना व्यसनाची भीती असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट घेतलेल्या औषधाने पुढे व्यसन वाढल्याचं संशोधनात दिसलेलं नाही. त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.
मिस्टरांचं "मीपण असाच होतो" हे मात्र सोडू नका. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा खूप मोठा असतो. त्यांना शाळेत काय अवघड गेलं ते त्यांनी मुलाला सांगितलं तर मुलाला एकटं वाटणार नाही.
आणखी एक. २००७ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या संशोधकांनी स्कॅन करून दाखवलं की या मुलांत मेंदूचा बाहेरचा थर तयार व्हायला सरासरी तीन वर्षं उशीर होतो, सगळ्यात जास्त पुढच्या भागात, म्हणजे जिथून लक्ष आवरणं आणि आखणी चालते. त्यामुळे दप्तर, वेळ, वह्या या बाबतीत आठवीच्या मुलाला पाचवीच्या मुलाइतकी मदत लागू शकते, त्याला लाड समजू नका. आकडे उलटे होतायत तर एलडीची (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचण) तपासणीही करून घ्या, दोन्ही एकत्र असणं खूप कॉमन आहे.

शर्वरी_एफसीरोड
मला बारावीत कळलं, तेही योगायोगाने. मुली शांत बसून खिडकीबाहेर बघतात, वर्गात त्रास देत नाहीत, म्हणून कुणी तपासायला नेतच नाही. ताई, त्याला "तुला जमतं पण तू करत नाहीस" हे वाक्य कुणीही बोलू नये एवढं बघा. मी ते इतक्या वेळा ऐकलं की मला खरंच वाटायला लागलं मी आळशी आहे. त्याने स्वतःहून सांगितलंय की मुद्दाम करत नाही, त्यावर विश्वास ठेवा आणि त्याला तसं स्पष्ट बोलून दाखवा.

देशपांडे_बाई
मी शाळेत शिकवते. सांगाच. पण पालकसभेच्या गर्दीत नको, वर्गशिक्षिकांची वेगळी वेळ घ्या आणि तीनच गोष्टी मागा: पुढच्या बाकावर, दारा-खिडकीपासून लांब जागा, सुटण्याआधी डायरीत गृहपाठ लिहिलाय का यावर एक नजर, आणि सूचना एका वेळी एकच. एवढं साठ मुलांच्या वर्गातही जमतं.
सवलतीबद्दल: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एलडी आहे, एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून तपासणीत एलडी निघालं तर सर्टिफिकेट वेळेत काढा, जादा वेळ आणि लेखनिक त्यावर मिळतो. दहावीच्या वर्षात धावपळ नको, आठवीतच सुरू करा.

चैत्राली_कोथरूड
सगळ्यांचे मनापासून आभार. शर्वरी, तुझी पोस्ट नवऱ्याला वाचायला दिली. मुक्ताताई, कागद दारावर लावलाय, त्यानेच लिहिलाय. देशपांडे बाई, एलडीच्या सर्टिफिकेटसाठी ससून हॉस्पिटलला जायचं ना?

देशपांडे_बाई
हो, ससूनला चौकशी करा. जाताना निदानाचे कागद, मागच्या वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि त्याच्या दोन-तीन वह्या सोबत ठेवा. शाळेचं पत्र लागतं का ते आधी विचारा, लागलं तर मुख्याध्यापकांकडून लगेच घ्या, सुट्ट्या लागल्या की अडकून पडतं.