मदत हवी आहे : आराखड्यातील सगळीच कामे क्रिटिकल पाथवर का येत आहेत?

खानापूरवाला
नमस्कार. मी प्रकल्प व्यवस्थापनाचा पायाभूत अभ्यासक्रम ऑनलाइन करत आहे आणि त्यातील चौथ्या स्वाध्यायावर गेले नऊ दिवस अडकलो आहे. क्रिटिकल पाथ, म्हणजे प्रकल्पाची एकूण मुदत ठरवणारी कामांची साखळी, काढायला घेतला की सगळीच्या सगळी कामे त्याच मार्गावर येतात आणि फ्लोट सगळीकडे शून्य येतो. स्वाध्याय दोनदा परत आला आहे आणि त्यावर शेरा एवढाच, की ‘डिपेंडन्सी पुन्हा तपासा’. कोणते काम कशावर अवलंबून आहे, हे मी तीन वेळा तपासले आहे. सूत्र बरोबर आहे, एक्सेलही बरोबर आहे. रविवारी रात्री मुदत संपते. त्यामुळे कोणता कोर्स चांगला हे कृपया सांगू नये, फक्त चूक कुठे आहे ते सांगावे.

निपाणीकर
कामे कोणती, प्रत्येकाला किती दिवस लागतात आणि कोणते काम कशानंतर येते, यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही. सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकत असेल, तर दोष सूत्रात घातलेल्या माहितीत असणार. ती माहिती इथे दिल्याशिवाय कोणीही तुम्हाला नेमके काही सांगू शकणार नाही.

सदाशिवनगर
हा गुगलचा कोर्सेरावरील अभ्यासक्रम आहे का? तसे असेल तर क्रिटिकल पाथ तिसऱ्या, म्हणजे नियोजनाच्या भागात येतो. पहिल्या पायाभूत भागात प्रकल्पाचे टप्पे, व्यवस्थापकाची भूमिका आणि संस्थेची रचना एवढेच आहे. तुम्ही मधले भाग गाळून पुढे गेला असाल, तर आधी मागे जावे असे मी सुचवेन.

खानापूरवाला
नाही, हा तो अभ्यासक्रम नाही. एका खाजगी संस्थेची बारा व्याख्यानांची मालिका आहे. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण गुण अजून त्यांच्याच हातात आहेत. स्वाध्यायासाठी स्वतःच्या कामातला प्रकल्प घ्यायचा होता, म्हणून मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीतील (ओतशाळेतील) एका नव्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागाचे, सँपल घेतले. ड्रॉइंग तपासणे २ दिवस, पॅटर्न (साच्यासाठीचा लाकडी नमुना) ८, कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा गाभा घडवायची पेटी) ५, कच्चा माल मागवणे ६, साचे आणि कोअर ३, ओतकाम १, फेटलिंग (ओतलेल्या भागाची साफसफाई) २, मशिनिंग ४, तपासणी १. बेरीज ३२ दिवस. यात चूक काय आहे?

निपाणीकर
आता उलगडा झाला. तुम्ही केलेली ही नुसती बेरीज आहे, यात मार्ग कुठेच नाही. नऊ कामे एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येक काम वरच्या कामाच्या शेपटीला बांधले, तर मार्ग एकच उरतो, आणि एकच मार्ग असला की तोच क्रिटिकल. पॅटर्न तयार होईपर्यंत कच्चा माल मागवायचा नाही, असे तुमच्या कारखान्यात खरोखर कोणी म्हणते का? ड्रॉइंग तपासून झाले की पॅटर्न, कोअर बॉक्स आणि माल ही तिन्ही कामे एकाच वेळी सुरू होऊ शकतात. तसे धरले तर २ + ८ + ३ + १ + २ + ४ + १, म्हणजे २१ दिवस होतात. कोअर बॉक्सला ३ दिवसांचा आणि मालाला २ दिवसांचा फ्लोट मिळतो.

चिकोडीकर
फ्लोट म्हणजे काय, हे कोणी मराठीत सांगेल का? मी मराठी माध्यमातून शिकलो, घरात मराठी, बाजारात कन्नड आणि व्याख्याने इंग्रजीत. शब्द पाठ होतात, पण डोक्यात काही उतरत नाही.

निपाणीकर
सवड. एखादे काम जितके दिवस रेंगाळले तरी शेवटची तारीख हलत नाही, तितकी त्या कामाची सवड. ज्या कामांना सवडच नाही, त्यांच्या साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात.

ओतारी
एकवीस दिवस बरोबर, पण मालाचा फ्लोट चुकला आहे. साच्याला वाळू लागते आणि वाळू कारखान्यात असतेच. बीड आणि भंगार लागते ते भट्टी पेटवायच्या दिवशी. म्हणजे माल साच्यांच्या आधी नव्हे, ओतकामाच्या आधी यायला हवा. माल आठव्या दिवशी येतो आणि ओतकाम तेराव्या दिवसानंतर आहे, तेव्हा सवड ५ दिवसांची होते. कोष्टकात काम कोणत्या ओळीत लिहिले आहे यावरून डिपेंडन्सी ठरत नाही. ते काम झाले नाही तर नेमका कोणाचा हात थांबतो, हे पाहावे.

निपाणीकर
मी सोपे करून सांगत होतो. नवशिक्याला मुख्य मुद्दा कळला म्हणजे पुरे.

ओतारी
परीक्षकाने ज्या गोष्टीसाठी स्वाध्याय परत पाठवला तीच गोष्ट सोपी करून कशी चालेल?

घटप्रभा
मुळात एकेक ठाम आकडा धरणेच मला चुकीचे वाटते. १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तीन अंदाजांवरून दिवस काढण्याची पद्धत तयार झाली, ती याच कारणासाठी. साधारण त्याच काळात ड्यू पाँट कंपनीने क्रिटिकल पाथ वापरला, पण त्यांना आपल्या कामांचे दिवस अनुभवाने ठाऊक होते. नौदलाला ते ठाऊक नव्हते. तुमच्या पॅटर्नला सगळे सुरळीत झाले तर ६, बहुधा ८ आणि वाईटात वाईट १६ दिवस लागतील असे धरा. ६ अधिक ८ ची चौपट अधिक १६, भागिले ६, म्हणजे ९ दिवस. एका दिवसाचा फरक इथेच पडला.

निपाणीकर
उपयुक्त आहे, पण त्यांनी हे विचारलेले नाही. त्यांचा प्रश्न दिवसांचा नसून क्रमाचा आहे.

सदाशिवनगर
एवढी मेहनत घेताच आहात, तर पीएमआय या अमेरिकी संस्थेच्या कॅपम या प्राथमिक परीक्षेचा विचार करावा. तिला प्रकल्प व्यवस्थापनाचे २३ तासांचे शिक्षण पुरते, कामाचा अनुभव मागत नाहीत. किंवा केंद्र सरकारच्या स्वयम्‌वरील आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमाचे अभ्यासक्रम पाहावेत. शिकणे विनामूल्य आहे, फक्त परीक्षेला शुल्क पडते, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागत असल्यामुळे त्या प्रमाणपत्राला वजन आहे.

खानापूरवाला
कोर्स सांगू नये अशी विनंती मी पहिल्याच परिच्छेदात केली होती. निपाणीकर आणि ओतारी यांचे मनापासून आभार. मात्र एक अडचण उरते. पॅटर्न आणि कोअर बॉक्स एकाच वेळी होणे आमच्याकडे शक्य नाही, कारण दोन्ही बनवणारे मिस्त्री एकच आहेत. हे लिहायचे राहिले, कारण मला वाटले की छोट्या फाउंड्रीत असेच असते हे सर्वांना माहीत असेल.

निपाणीकर
हे तुम्ही सुरुवातीलाच सांगितले असते, तर निम्मा धागा वाचला असता. आता हिशेब असा होईल. कामाच्या स्वभावाने ती दोन कामे स्वतंत्र आहेत, पण माणूस एक असल्यामुळे ती एकामागे एक येतात. त्या दोघांचे १३ दिवस, म्हणून एकूण २६. तुमच्या ३२ पैकी मालाचे ६ दिवस मात्र खरोखरच फुकट धरलेले होते. आराखड्यात ही दोन्ही कारणे वेगळी दाखवा, म्हणजे परीक्षकाला कळेल की बंधन कामाचे नसून माणसाचे आहे. बाहेरून दुसरा मिस्त्री आणला, तर २६ चे पुन्हा २१ होतात, आणि त्याची मजुरी पाच दिवसांच्या बदल्यात परवडते का, हा प्रश्न मालकाला आकड्यानिशी विचारता येतो.

ओतारी
बाहेरचा मिस्त्री आणण्याआधी आपल्या मिस्त्रींना विचारा. आठ आणि पाच हे आकडे कोणी दिले?

खानापूरवाला
मीच दिले, जुन्या जॉबकार्डांवरून.

सदाशिवनगर
दिवस मोजताना रविवार धरले आहेत का? माझ्या पुतण्याचा अख्खा प्रकल्प एवढ्याच कारणासाठी नापास झाला होता.

चिकोडीकर
थोडे विषयांतर होते आहे, पण अशा अभ्यासक्रमासाठी लॅपटॉप लागतोच का? माझ्याकडे मोबाइल आहे आणि त्यात एक्सेलचे रकाने दिसतच नाहीत.

घटप्रभा
नऊ कामांना लॅपटॉप कशाला? जुन्या कॅलेंडरची मागची बाजू पुरते. प्रत्येक कामाची एक चौकट काढा आणि बाण जोडा. मी आजही आधी कागदावरच काढतो, कारण पडद्यावर रकाने एकाखाली एक दिसतात आणि मनही तसेच एकाखाली एक विचार करू लागते. खानापूरवाल्यांचेही बहुतेक तेच झाले.

खानापूरवाला
आज मिस्त्रींना विचारले. ते कन्नडच बोलतात आणि माझे कन्नड तसे बेताचे आहे, म्हणून कागदावर चौकटी काढूनच विचारले. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि दोन चौकटींच्या मध्ये तिसरी आडवी चौकट काढली. ते पॅटर्नचे लाकूड सरसाने जोडून शिकंजात आवळतात आणि तो जोड सुकत असतो त्या वेळात कोअर बॉक्स घासायला घेतात. सगळा तेरा दिवसांचा ऐवज ते दहा दिवसांत उरकतात. जॉबकार्डावर दोन्ही कामे वेगवेगळी नोंदली जात असल्यामुळे माझ्या कोष्टकात तीन दिवस दोनदा मोजले गेले होते.

तेव्हा आता एकूण २३ दिवस होतात, आणि ओतारींच्या हिशेबाने मालाची सवड ७ दिवसांची. रविवार वगळूनच मोजले आहे; सोमवारी सुरुवात केली तर चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी तपासणी संपते. चित्र कागदावर काढून त्याचा फोटो जोडला आणि स्वाध्याय आत्ताच पाठवला.

ओतारी
परीक्षक काय म्हणतात ते इथे अवश्य कळवा. आणि ती सात दिवसांची सवड माल मागवणाऱ्याला सांगू नका, नाहीतर माल आठव्या दिवशीच येईल.

निपाणीकर
आठव्याच दिवशी यायचा आहे.

ओतारी
सवडीच्या आठव्या दिवशी म्हणतो मी.

खानापूरवाला
परीक्षकांचे कळेल तेव्हा कळवतो. त्याआधी तोच कागद उद्या मालकांना दाखवायचा आहे. त्यांनी गिऱ्हाइकाला रविवारांसकट वीस दिवस सांगून ठेवले आहेत.