उन्हाळ्यात लागलेले पिक्चर: नाशिककरांनो, लिहा आपापले अनुभव

पंचवटीची आत्या

काल भाचा फोनवर सीटा बघत बसला होता. या शुक्रवारी चार नवीन लागतायत म्हणे. मधेच मला विचारतो, "आत्या, पिक्चर शुक्रवारीच का लागतात गं?" मला काही सांगता येईना. रात्री भांडी घासताना मात्र एकदम १९८८ चा मे महिना आठवला.

मामा नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होता. सुट्टीत आम्ही सगळी भाचरं त्याच्याकडे. नवीन पिक्चर लागला की तो पुरुषांच्या रांगेत उभाच राहायचा नाही. मला आणि मामीला लेडीज खिडकीवर पाठवायचा, ती रांग छोटी. मी ११ वर्षांची. मुठीत पन्नासची नोट आणि उन्हात तासभर उभी. खिडकीपर्यंत पोचले तोवर घामाने नोटेचा पार लगदा झालेला. आतला माणूस खेकसला, "ही ओली कुठून आणली?" मामा मागून ओरडला, "ताजी आहे साहेब, आत्ताच छापलीय!" अख्खी रांग हसली. तिकिटं मिळाली. पिक्चर कुठला होता ते विचारू नका, आठवत नाही.

तुमचंही लिहा. मी कुकर लावून येते.

सीबीएसचा जावई

आत्ताच छापलीय!! मेलो.

रीळवाल्याचा मुलगा

माझे वडील ऑपरेटर होते. थिएटरचं नाव लिहीत नाही, मालकांची मुलं अजून ओळखीची आहेत. पिक्चर लोखंडी पेटीतून यायचा, शुक्रवारी पहाटे पेटी आली नाही की वडिलांचा जीव टांगणीला. कधीकधी एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायचे. इकडची रिळं संपली की पोऱ्या सायकलवर टाकून तिकडे न्यायचा, म्हणून तिकडचा खेळ उशिरा सुरू. मधे रेल्वे फाटक किंवा वरात आडवी आली की संपलं. पडदा पांढरा आणि थर्डमधून शिट्ट्या.

मे महिन्यातली केबिन तुम्हाला कल्पना येणार नाही. कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांचाच उजेड पडद्यावर. कांडी जळत आखूड होते, म्हणून सतत पुढे सरकवत राहायचं, डोळा काढायची सोय नाही. वडील बनियनवर, मानेवर ओला पंचा. खाली लोक पंख्याखाली "गरम होतंय" म्हणून बोंबलतायत आणि वर हा माणूस भट्टीत. मी डबा द्यायला जायचो आणि छोट्या चौकोनातून पिक्चर बघायचो. मशीनच्या खडखडाटात डायलॉग ऐकूच यायचे नाहीत. कित्येक पिक्चरची गोष्ट मला लग्नानंतर टीव्हीवर कळली.

एवढं लिहिलं आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. बायको आली.

निफाडकर

आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे उन्हाळ कांदा काढून चाळीत भरायचा, कसला पिक्चर. लासलगावला ट्रॅक्टर लिलावाला लावायचा आणि वडिलांच्या तोंडाकडे बघत बसायचं. भाव बरा निघाला तर नाशिक आणि पिक्चर, नाही तर भजी खाऊन घरी. दहा वर्षांत दोनदा पाहिला.

सीबीएसचा जावई

निफाडकर, यंदा काय भाव?

निफाडकर

नका विचारू दादा.

त्र्यंबकची माहेरवाशीण

आत्या, शुक्रवारचं मलाही नक्की माहीत नाही, पण भाच्याला हे सांगा: आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांचा पहिला पिक्चर ३ मे १९१३ ला लागला, मुंबईत गिरगावात, कॉरोनेशनला. वार बघा, शनिवार! आणि महिना बघा, ऐन उन्हाळा. पुढे नाशिकला येऊन त्यांनी कंपनी काढली तेव्हा कालियामर्दनात कृष्ण कोण, तर त्यांचीच मुलगी मंदाकिनी. बाया काम करायला मिळत नव्हत्या तेव्हा लंकादहनात राम पण साळुंके नावाचा नट आणि सीता पण साळुंकेच. आम्हाला शाळेतून पांडवलेण्याखालच्या फाळके स्मारकात नेलं होतं, माझ्या लक्षात राहिलं ते तिथलं कारंजं आणि डब्यातला दशमी-लोणच्याचा वास. सर ओरडले तेही.

जेलरोड ४२२१०१

रेजिमेंटल आणि अनुराधा थिएटर आठवतं कोणाला? आर्टिलरीचे जवान रविवारी ओळीने बसायचे, सगळ्यांची डोकी एकसारखी कापलेली. मागे बसलं की समोर भांग असलेलं एकही डोकं नाही, पडदा कसा स्वच्छ दिसायचा!

कॉलेजरोडची अनू

मी २०१६ चं लिहिते, जुनं नाही. २९ एप्रिलला सैराट लागला, आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो. आजी ७६ ची, सोबत आली. मधल्या गाण्याला पोरं पडद्यापुढे जाऊन नाचायला लागली, आजी म्हणाली, "मी पण जाऊ का गं?" गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून धरून ठेवली. शेवट झाला तेव्हा मात्र अख्ख्या हॉलमध्ये कोणी उठेना. बाहेर आल्यावर आजी रिक्षात बसायलाही नाही म्हणाली. मेहेर सिग्नलपर्यंत चालत आलो, एक शब्द नाही. मग तिथे म्हणाली, "रस पाजतेस का?" दोन ग्लास प्यायली.

ती गेली मागच्या वर्षी.

पंचवटीची आत्या

अनू, अगं बाई गं. कुकरची शिट्टी ऐकू आली नाही मला.

गंगापूररोडचा वैतागलेला

आजींना नमस्कार. मला एकच विचारायचंय, मराठी पिक्चरला सकाळी दहा-साडेदहाचाच खेळ का देतात? रविवारी त्या वेळेला नाशिककर मिसळ खायला गेलेला असतो. मग म्हणतात प्रेक्षक नाही. आणि एसी इतका गार, की मे महिन्यात शाल घेऊन जावं लागतं.

सीबीएसचा जावई

मिसळ कुठली पण? काळ्या मसाल्याची का लाल?

गंगापूररोडचा वैतागलेला

विषय पिक्चरचा चाललाय.

सीबीएसचा जावई

म्हणजे लाल.

रीळवाल्याचा मुलगा

बायकोने वाचलं वरचं. म्हणते, "लग्नानंतर गोष्ट कळली" यात माझं श्रेय का नाही? टीव्ही तिच्या माहेरचा होता. श्रेय दिलं.

पंचवटीची आत्या

भाच्याने शनिवारच्या चारच्या खेळाची तिकिटं काढली. मामाला पण नेतोय, ८१ चा झालाय. फोनवर विचारतो, लेडीज खिडकी कुठल्या बाजूला आहे आता?

निफाडकर

कूलरच्या वाळ्याच्या ताट्या नाशकात कुठे मिळतील? इथे मिळेनात, घरातले झोपू देईनात.

जेलरोड ४२२१०१

देवी चौकाच्या बाजूला बघा. मोजमाप घेऊन जा, नाहीतर परत यावं लागतं.