मदत हवी आहे : संत्र्याच्या ग्रीनिंग रोगासाठी पीसीआर चाचणी करावी की लॅम्प?

नमस्कार मंडळी. वरुड भागात आमची नागपुरी संत्र्याची बाग आहे, कलमाचा खुंट जंबेरी लिंबाचा. काही झाडांच्या एखाद्याच फांदीची पानं पिवळी पडतायत. आधी जस्ताची कमतरता वाटली. पण तिच्यात शिरेच्या दोन्ही बाजूंचा पिवळेपणा सारखा असतो; इथे एकाच पानाचा डावा भाग हिरवा, उजव्यावर वेडेवाकडे पिवळे चट्टे. नव्या नवतीवर (कोवळ्या पालवीवर) सायला ही रस शोषणारी कीडही दिसली; ती ग्रीनिंग हा जिवाणूमुळे होणारा रोग पसरवते, म्हणून त्याची धास्ती आहे.

या रोगाचा जिवाणू प्रयोगशाळेत साध्या माध्यमावर वाढवून ओळखता येत नाही, त्यामुळे पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, लागते हे कळलं. माझी खरी अडचण नमुन्याची आहे. जिवाणू अन्नवाहिन्यांत राहतो आणि झाडभर सारखा पसरत नाही. मग चुकीच्या फांदीची पानं गेली तर रोगी झाडही निगेटिव्ह येणार ना? पानाचे देठ आणि मधली शीर घ्यायची एवढं माहीत आहे, पण एका झाडाच्या किती फांद्यांवरून? आणि नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेत पोहोचेपर्यंत नमुने बर्फात ठेवायचे का?

दुसरं, लॅम्प (LAMP) ही डीएनए शोधणारीच दुसरी चाचणी ६० ते ६५ अंशांच्या एकाच तापमानावर तासाभरात होते, पीसीआरचं महागडं यंत्र लागत नाही. बागेत कुणी ती करून पाहिली आहे का? नमुन्यांची सरमिसळ झाली की खोटे पॉझिटिव्ह येतात म्हणतात, म्हणून नुसत्या त्या निकालावर झाड उपटायला मन धजत नाही.

आंबिया बहाराची फळं झाडावर आहेत. अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर सांगा.