हुमणाचं (माशाच्या आमटीचं) वाटण मिक्सरच्या जारच्या बुडातून गळतंय, जार टाकू की दुरुस्त होईल?

फोंडेकरीण: मिक्सर 750 वॉटचा. ओल्या खोबऱ्याचं वाटण लावलं की मधल्या जारच्या बुडातून पांढरं पाणी झिरपतं आणि मोटरवरच्या कपलरभोवती (जार नि मोटर जोडणाऱ्या दातेरी चकतीभोवती) साचतं. पातं बोटाने हलवलं तर डुगडुगतं. दुकानदार नवा जार घ्या म्हणतो. नुसता बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) बदलून भागेल का?

म्हापशाचा पाना: भागेल, ताई. पातं डुगडुगतंय म्हणजे बुश झिजलाय. एकटा सील (दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं रबर) बदलू नका. दांडा डुलत राहिला की नवा सीलही लवकरच फाटतो. पातं बाहेर काढून दांड्यावर नख फिरवा. खाच लागली तर पातं, दांडा, बुश, सील, वॉशर असा सगळा सेट नवा बसवा. गुळगुळीत असेल तर बुश आणि सील पुरे. म्हापसा किंवा मडगावच्या बाजारात जाताना जार सोबत न्या, कारण दांड्याची जाडी आणि कपलरचे दात कंपनीगणिक बदलतात.

खोलायला पातं जाड फडक्यात धरा, जार उलटा करा आणि खालचा कपलर फिरवा. आटे बहुधा उलटे असतात, म्हणून आधी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, हलक्या हाताने. सुटला नाही तर दुसऱ्या दिशेने बघा. चुकीच्या बाजूने जोर लावलात तर नायलॉनचे दात तुटतात. वाटण सुकून आटे धरले असतील तर जारचं बूड अर्धा तास गरम पाण्यात ठेवा.

बसवताना सीलची ओठाळी बाजू जारच्या आत, पाण्याकडे हवी. उलटा बसला की पहिल्याच दिवशी गळतो. मग जार अर्धा पाण्याने भरून वीस मिनिटं कागदावर ठेवा. कागद कोरडा राहिला तरच मिक्सरवर चढवा.

कार्बन ब्रश: दुरुस्ती होईपर्यंत तो जार वापरूच नका. मोटर मरते ती याच पाण्याने. खोबऱ्याचं दूध दांड्यावरून मोटरच्या वरच्या बेअरिंगमध्ये उतरतं, ग्रीस धुऊन जातं आणि आपल्या पावसाळी दमटपणात तिथे गंज धरतो. कपलरशेजारी निचऱ्याचं भोक असेल तर मिक्सरचा विजेचा प्लग काढून ते मोकळं करा. मोटरवरच्या कपलरचे दात गोल झाले असतील तर जारचा आणि हा, दोन्ही एकदमच बदला. जुना नव्याला खातो.

फोंडेकरीण: सेट आणते. वाटणात कधी कधी करडी रेघ दिसते, ती कसली?

म्हापशाचा पाना: झिजणाऱ्या बुशाची धातूची पूड आणि जुनं वंगण. तेवढा भाग काढून बाकीचं वापरू नका, सगळंच टाकून द्या. नवा सेट बसवल्यावर जार दोनदा साबणाच्या पाण्याने फिरवा, तिसऱ्यांदा नुसत्या पाण्याने. पाणी स्वच्छ निघालं की मगच तिरफळं घाला.

कार्बन ब्रश: आणि वाटताना मिक्सर मध्येच बंद पडला तर लगेच मोटर जळाली म्हणू नका. प्लग काढा, पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, मिक्सरच्या बुडाचं लाल बटण दाबा. पुन्हा पुन्हा उडत असेल तर वाटण फार घट्ट आहे किंवा दांडा जड फिरतोय. जार काढून त्याचा कपलर बोटाने फिरवून बघा.