पोथीचा आकार कोणी ठरवला : ताडपत्राने की वाचणाऱ्याने?

चर्चाप्रस्ताव

पोथी आडवी, लांबट आणि अरुंद का असते, याचे उत्तर ताडाच्या झाडातच आहे, असे माझे ठाम मत आहे. मध्य आशियातून आलेला विद्वान अल्-बिरूनी याने सुमारे 1030 मध्ये दक्षिणेतील ताडपत्राचे जे वर्णन केले, त्यात पान हातभर लांब, तीन बोटे रुंद, मधोमध भोक आणि त्यातून ओवलेली दोरी आहे. पुढे पश्चिम भारतातील जैन लेखनिकांनी ताडपत्र सोडून कागद हाती घेतला. कागद हवा तसा कापता येत असूनही त्यांनी पाने लांबट आणि अरुंदच ठेवली, आणि जिथून दोरी जायची ती जागा कोरी सोडून तिथे लाल ठिपका रंगवला. भोकाची गरज संपल्यावरही त्याची जागा राखली जाते, यावरून लेखनसाहित्याची पकड किती घट्ट असते हे कळते.

प्रतिसाद : असहमत

आपले उदाहरण सुंदर आहे, पण ते आपल्याच मताच्या विरोधात जाते. कागदाला स्वतःचा आग्रह नव्हता. जुना आकार राखला तो लेखनिकांनी आणि वाचकांनी. भूर्जपत्राकडे, म्हणजे भूर्ज झाडाच्या लिहिण्याजोग्या सालीकडे, पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास गांधारात (आजच्या वायव्य पाकिस्तान व पूर्व अफगाणिस्तानच्या भागात) बौद्ध ग्रंथ खरोष्ठी लिपीत भूर्जपत्रावर लिहिले जात. सालीचे तुकडे एकापुढे एक चिकटवून लांब पट्टी करीत आणि ती गुंडाळून ठेवीत. अशा काही गुंडाळ्या मातीच्या मडक्यांसह ब्रिटिश लायब्ररीकडे 1994 मध्ये आल्या. काश्मीरच्या उत्तरेकडील गिलगिट येथे 1931 मध्ये सापडलेला मोठा संग्रहही बहुतांशी भूर्जपत्राचाच आहे, मात्र तो काही शतकांनंतरचा असून सुट्या पानांच्या पोथ्यांचा आहे. साल तीच असताना ग्रंथाचे रूप पालटले, तर त्याचे श्रेय सालीला कसे देता येईल? मोठ्या ग्रंथाच्या मध्यावरचा एखादा भाग काढायचा तर गुंडाळी उलगडत बसावे लागते, सुटे पान मात्र लगेच हाती येते. माझ्या मते पारडे फिरले ते या सोयीमुळे.

प्रस्तावकाचे उत्तर

सोय मला मान्य आहे, पण सुटे पान चौकोनीही कापता आले असते. मध्य आशियातील कुचा येथे 1890 मध्ये मिळालेल्या बॉवर हस्तलिखित नावाच्या जुन्या संस्कृत पोथीत भूर्जपत्र ताडपत्रासारखे लांबट कापून त्याला दोरीसाठी भोकही पाडले आहे. जिथे ताड उगवत नाही, तिथेही ताडाच्याच पानाचा आदर्श चालला.

आणखी एक प्रतिसाद

महाराष्ट्रातील कागदाचा विचार केल्याशिवाय हा वाद पुरा होणार नाही. आपल्याकडे कागदावरच पारायणाची सुटी पोथी होती, अभंग उतरवून घेण्याचे शिवलेले बाड होते आणि लांब पट्टीची, गुंडाळून ठेवायची जन्मपत्रिकाही होती. साहित्य एक आणि रूपे तीन, म्हणून मी आकार ठरवण्याचा मोठा वाटा वापराला देईन. पोथी चौरंगावर ठेवून वाचतात. वाचून झालेले पान उचलून पालथे पुढे ठेवतात, ती हातात धरावी लागत नाही आणि पठण चालू असताना मिटतही नाही. बाडाचे काम वेगळे, कारण ते कीर्तनकाराबरोबर गावोगाव फिरे आणि त्याची पाने सुटून चालणार नव्हते. छपाई आल्यावरही गुरुचरित्र सुट्या आडव्या पानांत छापले गेले, याचे कारण ताडपत्रात शोधण्यापेक्षा पारायणाच्या बैठकीत शोधावे, असे मला वाटते.