जुना सिमेंटचा रस्ता फोडून त्याचीच गिट्टी नव्या रस्त्याखाली घालू द्यावी का? (इंदूर)

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीतला सिमेंटचा रस्ता पार उखडलाय, 300 मीटर लांब, 6 मीटर रुंद, जाडी 150 मिमीच्या आसपास. आता नवा मंजूर झालाय आणि ठेकेदार म्हणतो जुना फोडू, क्रशरमधून काढू, तीच गिट्टी बेसमध्ये घालू आणि वर नवं काँक्रीट. रहवासी संघाच्या मीटिंगमध्ये यावरून जोरात वाद झाला, निम्मे लोक म्हणतात हे मलबा गाडून पैसे खायचं काम आहे, नवी काळी गिट्टीच पाहिजे, पार्षदांकडे तक्रार करू. मला मात्र पटतंय कारण मागच्या वेळी जुन्यावरच नवा थर चढवला तर रस्ता ओट्यांपेक्षा उंच झाला आणि पावसाचं पाणी सरळ घरात. पण आपली माती काळी, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात फाटते, तिथे हे टिकेल का? कोणी या कामातलं असेल तर नीट सांगा, रविवारी परत मीटिंग आहे.

साइटवरचा
दादा, घालू द्या, पण बघून. तुमचं माप धरलं तर 270 घनमीटर काँक्रीट म्हणजे साडेसहाशे टनांच्या जवळपास माल निघतो. तो दाबून पसरला की त्याच रस्त्याखाली 150 मिमीचा एक थर जवळजवळ पूर्ण होतो, म्हणजे तेवढी नवी गिट्टी खाणीतून आणायची नाही आणि तेवढा मलबा कुठे नाल्याकाठी जाऊन पडायचा नाही. आणि हे चोरीछुपे करायचं काम नाहीच, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी 121 हे मार्गदर्शक पुस्तक यासाठीच 2017 मध्ये आलंय. चांगल्या काँक्रीटच्या गिट्टीत जुन्या सिमेंटचा बारीक भाग असतो, ओला करून रोलर मारला की थर हळूहळू धरतो. फक्त ही गिट्टी पाणी खूप पिते, आपला काळा दगड एखाद टक्का पाणी घेतो तर ही 4-5 टक्के किंवा त्याहून जास्त, त्यामुळे टँकर उभा ठेवूनच काम करायचं, कोरडी पसरून रोलर फिरवला तर ती बसणारच नाही.

अण्णा_रामबाग
माझी नोकरी रस्त्यांवरच गेली म्हणून सांगतो, लोकांची भीती अगदीच खोटी नाही. फोडलेला रस्ता आणि पाडलेलं घर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घराच्या मलब्यात विटा, प्लास्टर, टाइल्स, लाकूड, पीओपी सगळं येतं. वीट पाण्यात भिजून चुरा होते आणि पीओपीतलं सल्फेट सिमेंटला खातं. ठेकेदार एका बाजूने तुमचा रस्ता फोडेल आणि दुसऱ्या बाजूने कुठल्यातरी पाडकामाचे डंपर आणून त्यातच रिकामे करेल, हे मी होताना पाहिलंय, तिकडे लक्ष ठेवा. शिवाय केंद्राचे 2016 चे नियम आले तेव्हापासून दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टनांच्या वर मलबा काढणाऱ्याने तो वेगळा करून ठेवायचा, योजना निगमला (महानगरपालिकेला) द्यायची असं होतं, आणि तुमचं काम साडेसहाशे टनांचं आहे. क्रशर कॉलनीत लावू देऊ नका, धूळ आणि आवाजाने म्हातारी माणसं आजारी पडतील, देवगुराडियाला निगमचा मलब्याचा प्लांट आहे, तिकडे विचारा.

बडोद्याहून_नितीन
मी बडोद्याला स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, काळी माती आमच्याकडेही आहे. काळ्या मातीचा प्रश्न गिट्टी नवी की जुनी याने सुटत नाही, तो पाण्याचा आहे. माती फुगते ती पाणी मुरल्यामुळे, म्हणून वरची काळी माती काढून मुरूम भरा किंवा मातीत चुना मिसळून घ्या, आणि गिट्टीचा थर कडेच्या नालीपर्यंत न्या म्हणजे पाणी बाहेर पडेल. एक गोष्ट कोणी सांगत नाही ती ही की या गिट्टीच्या भुकटीतून चुना सुटतो आणि पाणी काढायला टाकलेल्या छिद्राच्या पाइपात किंवा त्याभोवतीच्या कापडावर पांढरा थर धरून ते बंद होतं, तेव्हा नालीच्या पाइपाभोवती मात्र धुतलेला नवा दगडच घाला.
वरच्या काँक्रीटमध्ये मी ही गिट्टी घालणार नाही. काँक्रीटच्या गिट्टी-वाळूचं भारतीय मानक आयएस 383, त्याची 2016 ची आवृत्ती साध्या (बिनसळईच्या) काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत परवानगी देते आणि एम15 या ताकदीच्या ग्रेडखालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये 100 टक्के, पण छोट्या ठेकेदाराकडून पाण्याचा हिशोब सांभाळला जाईल याची खात्री नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये 1980 च्या दशकात हायवेच्या काँक्रीटमध्येच ही गिट्टी वापरली आणि स्लॅबना मधोमध तडे गेले, कारण तड्याच्या दोन्ही बाजूचे दगड एकमेकांत नीट अडकत नव्हते. ऑस्ट्रियात वेगळं करतात, तिथे व्हिएन्ना-साल्झबर्ग हायवेवर खालच्या थरात जुनं काँक्रीट आणि वर पातळ थर चांगल्या नव्या दगडाचा.

सुदामानगरकर
खूप आभार सगळ्यांचे. अण्णा, लक्ष ठेवू म्हणजे नेमकं काय करू, आमच्यात इंजिनियर कोणी नाही.

अण्णा_रामबाग
इंजिनियर नसला तरी चालेल. फोडायच्या आधी वरचं डांबराचं थिगळ, माती, कचरा काढायला लावा, सळई असेल तर ती वेगळी. क्रश झालेल्या ढिगातून ठेकेदाराने आणलेलं नाही तर तुम्ही स्वतः पोत्यात भरलेलं सॅम्पल आपल्या जीएसआयटीएस इंजिनियरिंग कॉलेजच्या सिव्हिल लॅबला द्या. चाळणी (बारीक-जाड किती), प्लास्टिसिटी (भुकटीत चिकट माती किती), इम्पॅक्ट (घाव घातल्यावर चुरा किती टक्के) आणि सीबीआर (थर भार किती पेलतो) या टेस्ट मागा. बेसच्या खालच्या थराला प्लास्टिसिटी 6 च्या खाली, इम्पॅक्ट 40 च्या आत आणि सीबीआर निदान 30 हवा, आणि पाणी शोषण 2 टक्क्यांच्या वर येणारच म्हणून इम्पॅक्ट टेस्ट ओल्या गिट्टीवर करायला सांगा. रिपोर्ट पास असेल तर विरोध करणाऱ्यांच्या हातात तोच द्या. आणि बेस झाल्यावर लेव्हल मोजून घ्या, नवा रस्ता ओट्याच्या खाली राहतोय की नाही ते काँक्रीट ओतायच्या आधीच कळलं पाहिजे.

साइटवरचा
अण्णांच्या म्हणण्यात एक भर. रेट कमी करून घ्या. एस्टिमेटमध्ये नव्या गिट्टीचा भाव आणि वाहतूक धरलेली असेल तर ती वजा झालीच पाहिजे, मीटिंगमध्ये पैसे खाण्याचा जो संशय आहे तो तिथेच मिटेल.