मदत हवी आहे : लांबलचक इंग्रजी शब्दांची फोड कशी शिकवावी?

नमस्कार. गुहागर तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका मराठी शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवते आणि लांब शब्दांच्या फोडीबाबत मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ‘अनबिलीव्हेबल’ या शब्दात सिलॅबल (एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे) पाच, पण घडणीचे भाग तीनच : ‘अन’ हा उपसर्ग, ‘बिलीव्ह’ हे मूळ आणि ‘एबल’ हा प्रत्यय. उपसर्ग-प्रत्यय मराठी व्याकरणातून ठाऊक असल्याने मुलांना हे पटकन उमगते.

खरी पंचाईत ‘हेलिकॉप्टर’पाशी होते (तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर समुद्रावर दिसले की अर्धा वर्ग खिडकीत, त्यामुळे हा शब्द टाळता येत नाही). उच्चारात ‘हे-लि-कॉप-टर’ असे तुकडे पडतात; परंतु ग्रीक घडणीनुसार ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टर’ म्हणजे पंख, त्यामुळे सांधा नेमका ‘कॉप’च्या पोटात येतो. ओळीअखेर शब्द तोडतानाही अमेरिकी पद्धत उच्चाराकडे, तर ब्रिटिश पद्धत घडणीकडे झुकते. ‘नॉलेज’ अमेरिकी पद्धतीत ‘एल’नंतर तुटतो, ब्रिटिश पद्धतीत ‘डब्ल्यू’नंतर.

स्पेलिंगसाठी घडणीची फोड आधी शिकवावी असे माझे मत आहे. मात्र वाचताना अडखळणाऱ्या मुलांना टाळी वाजवून सिलॅबल मोजणेच सोपे जाते. दोन्ही पद्धती ज्यांनी शिकवल्या आहेत, त्यांनी कोणती आधी घेतली आणि कोणत्या शब्दांपासून सुरुवात केली, हे कृपया सविस्तर कळवावे.